सर्वांना आवडणारा खुनी : शोभराज, झेंडे आणि त्याच वर्षांतले पुणे

पणजीहून मांडवी ओलांडून म्हापशाच्या दिशेने निघाले की पर्वरी लागते. तेथील 'ओ कोकेरो' हे उपाहारगृह चिकन काफ्रियालसाठी प्रसिद्ध आहे. पण कित्येक पर्यटक तेथे काफ्रियालसाठी नव्हे, तर एका पुतळ्यासाठी थांबत आले. हा पुतळा चौथऱ्यावर उभा नाही. तो गिऱ्हाइकासारखा टेबलाशी बसलेला आहे. लोक त्याच्या शेजारची खुर्ची ओढून बसतात, हसतात आणि छायाचित्र काढून घेतात.

पणजीत संमोहनविद्येचा प्रणेता अब्बे फारिया याचा पुतळा आहे, तो गोमंतकीयांच्या अभिमानाचा. पर्वरीचा पुतळा मात्र एका खुन्याचा आहे. चार्ल्स गुरुमुख शोभराज. १९७०च्या दशकात दक्षिण आणि आग्नेय आशियात भटकणाऱ्या तरुण प्रवाशांना त्याने गुंगीची औषधे पाजली, लुटले आणि त्यांतल्या अनेकांना ठार केले. बळींच्या संख्येचे अंदाज १२पासून २०च्या पुढे जातात. न्यायालयात सिद्ध झालेली प्रकरणे त्या मानाने फार थोडी.

लाघवी, हजरजबाबी, देखणा खुनी आणि त्याच्या मागावर असलेला साधासा पोलीस, हा काळ्या विनोदाच्या थरारपटाचा हमखास साचा. मराठी माणसाला या साच्याची खरी गोष्ट शोधायला दूर जावे लागत नाही. तिची दोन महत्त्वाची दृश्ये मुंबईत आणि गोव्यात घडली, आणि दोन्हींतला पोलीस एकच होता : मधुकर झेंडे.

शोभराजचा जन्म ६ एप्रिल १९४४ रोजी सायगाव येथे झाला. वडील सिंधी, आई व्हिएतनामी. आईवडील वेगळे झाले, आईने एका फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याशी लग्न केले आणि मुलाचे बालपण फ्रान्स व इंडोचायना यांच्यामध्ये हेलकावे खात गेले. १९६३मध्ये घरफोडीबद्दल त्याला पॅरिसजवळच्या प्वासी तुरुंगात धाडण्यात आले. कैद्यांना भेटायला येणाऱ्या एका सुखवस्तू स्वयंसेवकाशी तेथे त्याची मैत्री जमली. सुटकेनंतर तोच गृहस्थ त्याला आपल्या घरी घेऊन गेला आणि पॅरिसच्या उच्चभ्रू बैठकींत त्याची ओळख करून देऊ लागला. माणसाला आपण आवडलो की कुलूप आपोआप उघडते, हा धडा त्याला तुरुंगातच मिळाला असावा.

१९७०मध्ये तो पत्नीसह फ्रान्समधून निसटला आणि बनावट कागदपत्रांच्या आधारे मजल दरमजल करत मुंबईला पोहोचला. त्या काळच्या मुंबईत त्याला एक तयार बाजारपेठ मिळाली. आयातीवर कडक निर्बंध होते. देशी मोटारींचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांच्यासाठीही वर्षानुवर्षे प्रतीक्षायादी. अशा शहरात परदेशी मोटार दारात उभी करण्यासाठी वाटेल ती किंमत मोजणारे शौकीन होते आणि त्या मोटारी चोरून आणून देणारा, फ्रेंच ढंगाने बोलणारा एक तरुण होता. 'परवाना राज'च्या अर्थशास्त्रीय इतिहासात या व्यवसायाला सहसा जागा मिळत नाही.

झेंडे आणि शोभराज यांची पहिली गाठ नोव्हेंबर १९७१मधली. दिल्लीच्या अशोका हॉटेलातील जवाहिऱ्याला लुटून तो मुंबईत आला होता. खबर मिळाल्यावर झेंडे यांनी त्याला ताजमहाल हॉटेलच्या परिसरात पकडले. त्यावेळी तो देशाला अपरिचित असा एक परदेशी चोर होता. पुढे आंत्रपुच्छाचा विकार असल्याची बतावणी करून तो रुग्णालयात दाखल झाला आणि पत्नीच्या मदतीने तेथून निसटला. नंतर काबूलमध्ये पकडला गेला, तेथेही पहारेकऱ्याला गुंगीचे औषध देऊन पळाला. एव्हाना त्याची पद्धत ठरून गेली होती. भिंत फोडायची नाही, भिंतीपाशी उभ्या असलेल्या माणसाला झोपवायचे.

ही पद्धत कोणावर चालली, हे समजण्यासाठी तो काळ डोळ्यांसमोर आणायला हवा. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली, काठमांडू आणि हिवाळ्यात गोव्याचा किनारा, अशी युरोप-अमेरिकेतील तरुणांची एक भटकवाट होती. 'हिप्पी ट्रेल' म्हणून ती ओळखली जाई. हातात थोडे पैसे, तेही बहुधा प्रवासी धनादेशांच्या रूपात. पासपोर्टवर डिंकाने चिकटवलेला फोटो. घरच्यांशी संपर्क म्हणजे मोठ्या शहरातल्या टपाल कचेरीत राखून ठेवलेली पत्रे. मुलाचे पत्र दोन-तीन महिने आले नाही, तरी आईवडिलांना त्यात वावगे वाटत नसे. एखादा माणूस नाहीसा झाल्याचे कोणाच्या लक्षातच न येण्याचा काळ या वाटेवर फार लांब होता. शोभराज त्या कालावधीत जगत असे. मृताचा पासपोर्ट घ्यायचा, फोटो बदलायचा, सही गिरवायची, धनादेश वटवायचे आणि सीमा ओलांडायची.

१९७५मध्ये त्याने बँकॉकमध्ये 'कॅनिट हाउस' या इमारतीत बिऱ्हाड केले. नाव घेतले आलँ गोतिए, व्यवसाय रत्नांचा. सोबत मारी-अँद्रे लक्लेर ही कॅनेडियन तरुणी आणि अजय चौधरी हा भारतीय साथीदार. भटक्या प्रवाशांसाठी या घराचे दार सदैव उघडे असे. जेवण, मद्य, गप्पा, स्वस्तात रत्ने घेण्याचे सल्ले. मग पाहुण्याच्या पोटात दुखू लागे. यजमान काळजीने औषध आणून देई. औषधाने दुखणे वाढे. यजमान उशाशी बसे, कपाळावर हात ठेवी, आणि 'बरे वाटेपर्यंत इथेच राहा' म्हणे. पाहुण्याचा पासपोर्ट व पैसे अर्थातच यजमानाच्या तिजोरीत सुरक्षित असत. एका फ्रेंच तरुणाला तर कित्येक आठवडे असेच ठेवले गेले, आणि तो बराच काळ समजत होता की हा भला माणूस आपली शुश्रूषा करतो आहे. शेजाऱ्यांनी त्याला मायदेशी पळवून लावले नसते, तर त्याचेही नाव बळींच्या यादीत गेले असते.

शोभराजचे चाहते त्याच्या लाघवीपणाला त्याच्या क्रौर्यावरचा मुलामा समजतात. मुलाम्याखाली दुसरे काहीतरी असते, असे मुलामा म्हटल्यावर गृहीत धरले जाते. येथे तसे नव्हते. लाघवीपणा हेच हत्यार होते. दोरी, चाकू, पेट्रोल ही नंतरची अवजारे. पहिली जखम आपुलकीची.

सिअॅटलची टेरेसा नोल्टन पट्टायाच्या समुद्रात सापडली. तिच्या अंगावर बिकिनी होती. पुढे आणखी एका तरुणीचा मृतदेह तशाच पोशाखात मिळाला, आणि वृत्तपत्रांनी खुन्याचे बारसे केले : 'बिकिनी किलर'. त्या नावात खुन्याबद्दल काहीच नाही. मेलेल्या मुलींचे कपडे तेवढे आहेत.

डिसेंबर १९७५मध्ये बँकॉकच्या उत्तरेस अयुथयाच्या परिसरात दोन जळालेले मृतदेह मिळाले. ते एका ऑस्ट्रेलियन जोडप्याचे असल्याचे आधी जाहीर झाले. मग ते ऑस्ट्रेलियन जोडपे जिवंत असल्याचे निष्पन्न झाले! मृत होते हेंक बिंटान्या आणि कॉर्नेलिया हेम्कर हे डच प्रवासी. त्यांचे मृतदेह बेवारस पडलेले असताना त्यांच्याच पासपोर्टवर शोभराज आणि लक्लेर नेपाळमध्ये दाखल झाले होते. तेथे कॉनी जो ब्राँझिच ही अमेरिकन तरुणी आणि लॉराँ कारिएर हा कॅनेडियन तरुण यांचे खून झाले.

डच दूतावासात हर्मन क्निपेनबर्ग नावाचा एक कनिष्ठ अधिकारी होता. तपास हे त्याचे काम नव्हते. वरिष्ठांनाही त्याचा हा उद्योग फारसा रुचला नाही. तरीही हरवलेल्या जोडप्याच्या आप्तांच्या एका पत्रावरून तो निघाला आणि कागद जमवत राहिला. मार्च १९७६मध्ये थायलंडच्या पोलिसांनी शोभराजला चौकशीसाठी नेले. त्याने दुसऱ्याच्या पासपोर्टवर स्वतःचा फोटो लावून आपण अमेरिकन असल्याचे सांगितले. पोलिसांनी सोडून दिले. तो देशाबाहेर गेला. क्निपेनबर्गने कागद जपून ठेवले. ते पुढे २८ वर्षांनी उपयोगी पडले, पण त्याविषयी नंतर.

जुलै १९७६मध्ये दिल्लीतल्या विक्रम हॉटेलात या कथेतला सर्वांत हास्यास्पद प्रसंग घडला. सुमारे ६० फ्रेंच विद्यार्थ्यांचा जथा सहलीवर होता. शोभराजने त्यांचा विश्वास संपादन केला आणि अतिसार टाळण्यासाठी म्हणून गोळ्या वाटल्या. बेत असा की सर्व जण आपापल्या खोलीत झोपी जावेत आणि मग सावकाश खोल्या धुंडाळाव्यात. मात्रा चुकली. विद्यार्थी खोलीत जाण्याआधीच सर्वांदेखत कोसळू लागले. गोळी न घेतलेल्या काही जणांच्या ध्यानात प्रकार आला आणि त्यांनी या परोपकारी मित्राला जमिनीवर लोळवून धरले. ज्याला अनेक देशांचे पोलीस धरू शकले नव्हते, त्याला अर्धवट शुद्धीतल्या सहलीने पकडून दिले.

दुसऱ्या एका फ्रेंच प्रवाशाच्या मृत्यूचे प्रकरणही त्याच्यावर होते. भारतात त्याला १२ वर्षांची शिक्षा झाली आणि तिहार तुरुंगात त्याचे बस्तान बसले. सुरुवातीला त्याच्या पायांत रात्रंदिवस दंडाबेड्या होत्या. त्याविरुद्ध त्याने थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. फाशीचा कैदी सुनील बत्रा याच्या एकान्तकोठडीविरुद्धच्या याचिकेसह ती ऐकली गेली. घटनापीठाचे अध्यक्ष होते सरन्यायाधीश यशवंत विष्णू चंद्रचूड, म्हणजे पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयाचे विद्यार्थी. ३० ऑगस्ट १९७८च्या निकालाने कैद्यांना सरसकट आणि अनिश्चित काळ दंडाबेडीत ठेवण्याच्या प्रथेला लगाम बसला. भारतीय कैद्यांच्या हक्कांचा इतिहास सांगताना 'सुनील बत्रा' खटला पहिल्या पानावर येतो आणि त्याच्या शेजारी, काहीसे अवघडून, शोभराजचे नाव असते. कायद्याचे संरक्षण आवडत्या-नावडत्या माणसाकडे पाहत नाही, याचे हे उदाहरण. शोभराजच्या मोहकतेचा त्यात काही वाटा नव्हता.

ज्या महिन्यांत दिल्लीत शोभराज तुरुंगाच्या सवयी शिकत होता, त्याच महिन्यांत पुणे अंधार पडताच दारे लावून घेत होते.

जोशी-अभ्यंकर खून खटल्याची हकीकत जुन्या पुणेकरांना सांगावी लागत नाही. टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयाचे काही विद्यार्थी : राजेंद्र जक्कल, दिलीप सुतार, शांताराम जगताप, मुनव्वर शाह. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्यांनी १० जणांचे प्राण घेतले. पहिला बळी त्यांचाच एक सहाध्यायी होता. त्याला गोड बोलून नेले, 'मी घर सोडून जात आहे' अशी चिठ्ठी त्याच्याकडून लिहवून घेतली आणि मग मारले. मृतदेह पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात टाकला. ३१ ऑक्टोबर १९७६ रोजी विजयानगर कॉलनीतील जोशी कुटुंबातले तिघे मारले गेले. १ डिसेंबरला भांडारकर रस्त्यावरच्या अभ्यंकरांच्या बंगल्यात पाच जण. त्यांत संस्कृत व्याकरणाचा कोश रचणारे वयोवृद्ध पंडित काशिनाथशास्त्री अभ्यंकर होते, त्यांच्या पत्नी होत्या, नातवंडे होती आणि घरात काम करणारी बाई होती.

देशात आणीबाणी होती. ती २१ मार्च १९७७ रोजी उठली, आणि दोनच दिवसांनी, २३ मार्चला, शेवटचा खून झाला. तो मृतदेह बंडगार्डनपाशी मुळा-मुठेत मिळाला. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर यांच्या तपासातून टोळी उघडकीस आली. एक साथीदार माफीचा साक्षीदार झाला आणि चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आले.

या दोन प्रकरणांत तपशिलांचे साम्य पुष्कळ आहे. दोन्हीकडे तरुण, चुणचुणीत, बोलके गुन्हेगार. दोन्हीकडे लोभ चैनीचा. दोन्हीकडे पहिले पाऊल विश्वासाचे. मुनव्वर शाहने तुरुंगात आत्मकथन लिहिले, शोभराजने आपल्या कहाणीचे हक्क विकले. तरीही जक्कलचा पुतळा पुण्यातल्या कोणत्याही उपाहारगृहात बसवला गेलेला नाही, आणि बसवण्याची कल्पना नुसती मांडली तरी ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येईल. नाना पाटेकर यांची भूमिका असलेला 'माफीचा साक्षीदार' १९८६मध्ये आला, त्याचा सूर भयाचा होता. याच प्रकरणावरून सुचलेला अनुराग कश्यप यांचा 'पांच' सेन्सॉरच्या कात्रीपाशी वर्षानुवर्षे अडकून पडला.

मग शोभराजवरच लोभ का? तो अधिक देखणा होता, हे उत्तर अपुरे आहे. खरा फरक बळींमध्ये आहे. पुण्यातले बळी शेजारचे होते. त्यांचा रस्ता ठाऊक होता, बंगल्याचे फाटक ठाऊक होते, शास्त्रीबुवांचे ग्रंथ ग्रंथालयात होते. कोणी तरी त्यांच्याकडे शिकले होते, कोणी तरी त्यांच्याकडे जेवले होते. शोभराजचे बळी मात्र भारतीय वाचकाच्या दृष्टीने केस वाढवलेले, नशापाणी करणारे, आईबापांना सोडून भटकणारे 'हिप्पी' होते. त्यांच्या मृत्यूचे ओझे येथे कोणाच्याच खांद्यावर नव्हते. खुनी किती आवडावा हे त्याच्या हास्यावर कमी आणि मेलेल्यांच्या अंतरावर अधिक ठरते. नेदरलँड्समधल्या एका घरात हीच गोष्ट जोशी-अभ्यंकरांच्या गोष्टीसारखी ऐकली गेली असणार.

तिहारमधल्या शोभराजची दहा वर्षे ही स्वतंत्र दंतकथा आहे. लाच, रत्ने, खास जेवण, मर्जीतले अधिकारी. १६ मार्च १९८६, रविवार. त्याने पहारेकऱ्यांना मिठाई वाटली. मिठाईत झोपेचे औषध होते. देशातील सर्वांत कडेकोट समजला जाणारा तुरुंग पेढा खाऊन झोपी गेला आणि कैदी दारातून बाहेर पडले. १५ वर्षांच्या कारकिर्दीत या माणसाने एकच युक्ती वारंवार वापरली आणि ती प्रत्येक वेळी नव्याने चालली. याला अलौकिक बुद्धिमत्ता म्हणावे की व्यवस्थेचा विसरभोळेपणा, हे ज्याने त्याने ठरवावे. दुसऱ्या शक्यतेकडे झुकण्यास पुरावा अधिक आहे.

पुढे तो सांगत असे की हे पलायन म्हणजे कायद्याचा डाव होता. भारतातील शिक्षा संपली असती तर थायलंडच्या हवाली व्हावे लागले असते आणि तेथे मृत्युदंडाची भीती होती. तेथील वॉरंट २० वर्षांनी निकामी होणार होते. म्हणून पळायचे, पुन्हा सापडायचे आणि पलायनाच्या गुन्ह्याखाली भारतीय तुरुंगातला मुक्काम वाढवायचा. हिशेब जुळतो खरा. परंतु हे त्याचेच सांगणे आहे, आणि आपल्या प्रत्येक फजितीला नंतर डावपेचाचे नाव देण्याची त्याची खोड होती, हे विसरून चालत नाही. पत्रकारांपुढे खुनांची सविस्तर कबुली देऊन मग ती नाकारणारा हा साक्षीदार आहे.

देशभर शोध सुरू झाला. १९७१मध्ये त्याला समोरासमोर पाहिलेला अधिकारी म्हणून मुंबई पोलिसांनी झेंडे यांना पथकासह गोव्याला पाठवले. गोवा तेव्हा दमण-दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. राज्याचा दर्जा मिळायला वर्षभराहून अधिक अवकाश होता. शोभराज गोव्यात असेल तर त्याला परदेशी दूरध्वनी करावा लागेल, आणि तशी सोय मोजक्याच ठिकाणी आहे, असा साधा तर्क झेंडे यांनी केला. त्यांपैकी एक ठिकाण 'ओ कोकेरो'. पथक तेथे ठाण मांडून बसले. चहा, जेवण, पुन्हा चहा. थरारपटात हा भाग कापला जातो, पोलिसांच्या खऱ्या आयुष्यात मात्र तोच सर्वांत मोठा असतो.

६ एप्रिल १९८६. शोभराजचा बेचाळिसावा वाढदिवस. रात्री तो आपल्या सोबत्यासह आला आणि बसला. झेंडे यांनी १५ वर्षांपूर्वीचा चेहरा ओळखला, मागून जाऊन त्याला धरले आणि 'चार्ल्स' अशी नावाने हाक मारली. त्याने आपण तो नव्हेच असा आव आणून पाहिला. पण समोरचा माणूस कोण, हे ओळखल्यावर आव टिकला नाही. झेंडे यांनी पुढे सांगितलेल्या आठवणींनुसार पथकाजवळ बेड्या नव्हत्या. उपाहारगृहातून दोर मागवण्यात आला आणि ज्याच्या दंडाबेड्यांवर देशाच्या घटनापीठाने विचार केला होता, त्याला खानावळीच्या दोराने बांधून मोटारीत घालण्यात आले. तशाच अवस्थेत मुंबईचा प्रवास झाला. मांडवीवरचा जुना नेहरू पूल तीनच महिन्यांनी, ५ जुलैला कोसळला, हा योगायोग गोव्याच्या इतिहासात स्वतंत्रपणे नोंदलेला आहे.

झेंडे यांचा देशभर सत्कार झाला, पंतप्रधान राजीव गांधी यांनीही कौतुक केले. तरी कथेचा नायक म्हणून जगभर शोभराजच ओळखला गेला. पुस्तके, 'मैं और चार्ल्स' हा हिंदी चित्रपट, 'द सर्पंट' ही गाजलेली मालिका. चिन्मय मांडलेकर यांनी २०२५मध्ये दिग्दर्शित केलेल्या 'इन्स्पेक्टर झेंडे'मध्ये मात्र एक वेगळी निवड दिसते. मनोज बाजपेयी यांनी साकारलेल्या पोलिसाचे नाव खरे आहे, खुन्याचे बदललेले : कार्ल भोजराज. हा काळा विनोदच आहे. पण त्यात मध्यमवर्गीय, संसारी, अपुऱ्या साधनांनिशी काम करणारा पोलीस कथेच्या केंद्रस्थानी येतो आणि खुन्याचे तेज कमी होते. विनोदाला कोणताच विषय वर्ज्य नसतो. तो कोणाच्या बाजूने हसतो, एवढेच पाहायचे असते. पर्वरीच्या पुतळ्याशेजारी झेंडे यांची खुर्ची मांडली असती, तर त्या छायाचित्रांचा अर्थच बदलला असता.

१७ फेब्रुवारी १९९७ रोजी शोभराज भारतीय तुरुंगातून सुटला आणि पॅरिसला गेला. मुलाखतींचे पैसे घेऊ लागला. २००३मध्ये तो स्वतःहून काठमांडूला गेला, म्हणजे जगातल्या अशा एका शहरात जेथे त्याच्यावरचा खुनाचा आरोप अजून जिवंत होता. तेथील एका पत्रकाराने त्याला ओळखले, बातमी छापली आणि सप्टेंबरमध्ये पोलिसांनी 'याक अँड यती' हॉटेलच्या कॅसिनोमध्ये त्याला पकडले. आपण नेपाळमध्ये पूर्वी कधी आलोच नव्हतो, असे त्याचे म्हणणे होते. ते खोडण्यासाठी क्निपेनबर्गने इतकी वर्षे जपलेले कागद कामी आले. २००४मध्ये ब्राँझिचच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली, २०१४मध्ये कारिएरच्या खुनाबद्दलही तो दोषी ठरला. इतक्या मोठ्या यादीतून शेवटी ही दोन नावे न्यायालयाच्या निकालपत्रात त्याच्या नावासमोर खुनाचे बळी म्हणून उमटली.

डिसेंबर २०२२मध्ये वय आणि प्रकृती यांचा विचार करून नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या सुटकेचा आदेश दिला. २३ डिसेंबरला त्याला विमानात बसवून फ्रान्सकडे पाठवण्यात आले. तो ७८ वर्षांचा होता. विमानातले त्याचे एक छायाचित्र जगभर पसरले. त्यात शोभराज शांतपणे बसलेला आहे, सह्याद्रीच्या एखाद्या गावातल्या निवृत्त शिक्षकासारखा निरुपद्रवी. आणि शेजारच्या आसनावरची एक अनोळखी प्रवासी स्त्री अंग चोरून, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याच्याकडे पाहते आहे.